अजून जेवून राह्यले ना

ही पुस्तिका मुळात एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पातूरच्या बाजारातून नातवासाठी आणलेली. पहिल्या चार पानांवर त्याचे पाढे आहेत. पाचव्या पानापासून माझ्या वहिनींचं अक्षर सुरू होतं: तारीख, वेळ, काय दिलं, किती मिली दिलं, आधी पाणी किती, नंतर किती, ठसका लागला का, पोट साफ झालं का. दर रविवारी वजन. माझ्या थोरल्या भावाला, दादांना, मोटर न्यूरॉन डिसीज झाला होता आणि शेवटचे चौदा महिने त्यांचं जेवण पोटात बसवलेल्या नळीतून झालं. ते गेल्यावर वाशीमकडच्या एका ओळखीच्या घरात तोच आजार निघाला, तेव्हा वहिनींनी वही वाचायला दिली. तिथून तिची झेरॉक्स तिसऱ्या घरी गेली, झेरॉक्सची झेरॉक्स चौथ्या घरी. अक्षरं पुसट झाली, म्हणून छापायचं ठरलं.

प्रस्तावना मी लिहावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दुसरं कारण कुणी बोललं नाही, ते मीच सांगतो. नळी चार महिने लांबवण्यात सगळ्यात मोठा हात माझा होता.

आजाराची सुरुवात कुठून धरायची यावर आमच्या घरात एकमत नाही. वहिनी म्हणतात, आंब्याच्या रसाला ठसका लागायला लागला तिथून. मी पोळ्यापासून धरतो. तोरणाखाली झडत्या म्हणाव्यात तर दादांनीच, असं आमच्या आळीत ठरलेलं. त्या वर्षी त्यांनी झडती सुरू केली आणि शब्द एकमेकांत गुंतले, ‘र’ आणि ‘ळ’ तोंडातच विरघळले. लोक हसले. दरवर्षी शेगावची पायी वारी करणारा, जन्मात दारूला हात न लावलेला माणूस, आणि दुसऱ्या दिवशी पानटपरीवर चर्चा की पाटील म्हातारपणी बिघडले. ही गोष्ट खासगी आहे, तरी लिहितो आहे. जिभेपासून सुरू होणाऱ्या या आजारात दारूचा संशय अनेक घरांनी सोसलेला आहे, हे मला नंतर इतर घरांशी बोलताना कळलं. दादा त्यानंतर चारचौघांत बोलायचेच बंद झाले, आणि त्यामुळे डॉक्टरकडे जायलाही उशीर झाला.

मग नेहमीची फिरस्ती. घशाचे डॉक्टर, बारीक लकवा असेल म्हणून मेंदूचा एमआरआय, मानेच्या मणक्याचा एमआरआय, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, एका ठिकाणचा अंगारा. दहा महिन्यांनी मोठ्या शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी टॉर्च लावून दादांना जीभ बाहेर न काढता तोंडातच सैल सोडायला सांगितली. मी शेजारी उभा होतो. जिभेच्या कडा वाळून आत गेलेल्या, आणि निवांत पडलेल्या त्या जिभेत काहीतरी सारखं वळवळत होतं, उकळी येण्याआधी दुधावरची साय थरथरते तसं. डॉक्टरांनी टॉर्च बंद केली आणि जरा वेळ काहीच बोलले नाहीत. पुढे सुया टोचून स्नायूंतल्या विजेची तपासणी झाली, ईएमजी म्हणतात ती, आणि आजाराला नाव मिळालं.

मेंदूतून आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्या या आजारात एकेक करून मरत जातात. हुकूम न आलेला स्नायू वाळतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये याचं नीट वर्णन केलं. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. आपल्याकडच्या कागदांवर एमएनडी आणि एएलएस ही दोन्ही नावं आलटून पालटून दिसतात, त्यानं घाबरू नये. बहुतेकांना सुरुवात हातापायांपासून होते, चपलेतून पाय निसटतो, शर्टाचं बटण लागत नाही. साधारण चौघांत एकाला ती जीभ-घशापासून होते. डोळ्यांची हालचाल, स्पर्श, ऐकू येणं, लघवी-संडासवरचा ताबा हे बहुधा शेवटपर्यंत टिकतं. काहींच्या वागण्या-विचारात फरक पडतो, पण पुष्कळांची समज शाबूत असते. आजार दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षं, हा बहुतेकांचा काळ. दहातला एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो. भेटायला येणारा प्रत्येक शिकलेला माणूस स्टीफन हॉकिंगचं नाव काढतो. हॉकिंगना १९६३ मध्ये निदान झालं आणि ते २०१८ मध्ये गेले, हे खरं. पण लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून घरखर्च आखत नाहीत.

युरोपात वर्षाला लाख माणसांमागे दोनेक नवे रुग्ण निघतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या अकोला जिल्ह्याची लोकसंख्या अठरा लाखांवर होती. आपल्याकडचं प्रमाण त्याहून कमी धरलं तरी दरवर्षी जिल्ह्यात काही घरं या वाटेला लागत असणार, एकमेकांना न ओळखता. २०१४ मध्ये याच आजारासाठी जगभर लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या होत्या. आमच्या पोरांनीही मोबाइलवर ते पाहिलं आणि हळहळले, ते पाण्यासाठी. आमच्याकडे तेव्हा नळ आला नव्हता.

औषधाचं थोडक्यात सांगतो. रिलुझोल ही गोळी १९९५ पासून आहे, ती आजाराची चाल थोडी मंदावते, काही महिने मिळतात. बरं करणारं औषध नाही. स्टेम सेलच्या जाहिराती येतील, फोनही येतील. आपल्या देशाच्या आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर या आजारासाठी असे उपचार विकता येत नाहीत, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. आम्ही एक एकर विकायच्या बेतात होतो. आमच्या मोठ्या पुतण्यानं अडवलं.

आता घशाचं. घास तोंडातून पोटात जातो तो आपल्या नकळत, म्हणून ते काम सोपं वाटतं. जीभ घास मागे लोटते, टाळू नाकाची वाट झाकतो, स्वरयंत्र वर उचललं जाऊन श्वासनलिकेचं तोंड मिटतं, आणि मग अन्ननलिका घास ओढून घेते. हे सगळं क्षणभरात आणि ठरलेल्या क्रमानं व्हावं लागतं. स्नायू मंदावले की क्रम चुकतो. घट्ट घास सावकाश सरकतो, त्याला सावरायला वेळ मिळतो. पाणी मात्र सुसाट जातं आणि श्वासनलिका मिटायच्या आत तिच्यात शिरतं. म्हणून या आजारात सगळ्यात आधी दगा देतं ते पाणी, चहा, आणि आपलं वऱ्हाडी पातळ वरण. ठसका लागला की आपण काय म्हणतो? ‘घोटभर पानी प्या, उतरंल.’ आम्ही सहा महिने तेच म्हणत होतो. एका तरुण डाएटिशियन मुलीनं समजावलं तेव्हा कुठे वहिनी वरण घट्ट शिजवायला लागल्या, पाण्याऐवजी दाटसर कढी, दुधात मऊ कालवलेली भाकर, हनुवटी छातीकडे झुकवून लहान लहान घास.

त्यावरही काही महिने निघाले. पण दादांचं जेवण दीड-दीड तासाचं व्हायला लागलं. ताट समोर, घास तोंडात, आणि माणूस घामाघूम. अर्धं ताट तसंच सरकवून द्यायचे. आम्हाला वाटलं, भूक मेली. तोवर बोलणं जवळजवळ गेलेलं, ते शाळेची पाटी वापरायचे. एकदा वहिनींनी चिडून विचारलं, भूक नाही तर तसं सांगा, मी रांधणार नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं: ‘भूक हाये. दम नाई.’

याच सुमारास डॉक्टरांनी नळीचं काढलं. दादांचं वजन अडुसष्टावरून चौसष्टावर आलं होतं, फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत चौसष्ट टक्के भरले होते. ‘आत्ता बसवून घ्या. लगेच वापरायची नसेल तर वापरू नका, रोज पाणी घालून मोकळी ठेवा. तोंडानं जमेल तेवढं खाऊ द्या.’ दादा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘अजून जेवून राह्यले ना ते, डॉक्टरसाहेब.’

हे वाक्य मी नंतर दुसऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की या पुस्तिकेला तेच नाव द्यावं असं मी सुचवलं. आपल्याकडे रस्त्यात माणूस भेटला की ‘जेवलात काय?’ हा नमस्कार असतो. दवाखान्यातल्या पेशंटची चौकशीसुद्धा ‘जेवून राह्यले काय?’ एवढ्यावर होते, आणि उत्तर ‘हो’ आलं की विषय संपतो. जेवतो तो बरा आहे. म्हणून नळीचा विषय निघाला की आपल्याला वाटतं, डॉक्टरनं हात टेकले. त्यात आपण पाहिलेली नळी म्हणजे नाकातली, आयसीयूत, शुद्ध हरपलेल्या माणसाची. लंडनच्या जॉन राइल या डॉक्टरांनी १९२१ च्या सुमारास ती रूढ केली, म्हणून राइल्स ट्यूब. ती चांगलीच आहे, पण चार-सहा आठवड्यांची सोय आहे. नाक सोलवटतं, घसा टोचतो, सरकली तर पुन्हा घालावी लागते. आमच्या मनातलं चित्र त्या नळीचं होतं, डॉक्टर बोलत होते दुसऱ्याच नळीविषयी, आणि हा घोळ कुणाच्या लक्षात आला नाही.

पोटाला भोक पाडून माणूस जगतो, हे जगाला पहिल्यांदा नीट कळलं ते अपघातानं. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण पोटाच्या कातडीपासून जठरापर्यंतचं भोक कायम राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, पुन्हा ओढून काढून, पचन म्हणजे काय याचा अभ्यास केला आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिन त्या भोकासह १८८० पर्यंत जगला. मुद्दाम असं भोक पाडायचा प्रयत्न १८४९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या सेदिलो यांनी केला, तो रुग्ण दगावला. १८७५ मध्ये लंडनच्या सिडनी जोन्स यांचा रुग्ण काही आठवडे जगला. पुढची शंभर वर्षं पोट उघडून, पूर्ण भूल देऊन नळी बसवत. आजारानं गळालेल्या माणसाला ती भूलच झेपत नसे.

आजची रीत १९७९ ची. क्लीव्हलँडमध्ये मायकेल गॉडरर हे मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे दुर्बिणीचे तज्ज्ञ, यांनी त्या वर्षी जूनमध्ये साडेचार महिन्यांच्या बाळाला पोट न कापता नळी बसवली. तिला पेग म्हणतात. दुर्बीण तोंडावाटे जठरात जाते, हवा भरून जठर फुगवतात, खोलीतले दिवे मंद करतात आणि दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीतून बाहेर दिसतो, हाताच्या मुठीत बॅटरी धरल्यावर बोटं लाल दिसतात तसा. त्या जागी बधिर करून सुईनं भोक पाडतात, आत दोरा सोडतात. दुर्बिणीचा चिमटा तो दोरा पकडून तोंडातून बाहेर काढतो. आता एक टोक पोटाबाहेर, एक टोक तोंडाबाहेर. तोंडाकडच्या टोकाला नळी बांधायची आणि पोटाकडून दोरा ओढायचा. लेंग्यात नाडी ओवतात त्याहून वेगळं यात फारसं काही नाही. नळीच्या आतल्या टोकाला असलेली चकती जठराला आतून टेकते, नळी तिथे अडते, बाहेरून दुसरी चकती बसते. अर्ध्या तासाचं काम. श्वास फार कमी असेल तर दुर्बिणीऐवजी एक्स-रेखाली पाहून थेट पोटातून नळी बसवायचीही रीत आहे, तिला गुंगी कमी लागते.

आणि इथेच ‘अजून’ या शब्दाचा हिशेब येतो. दुर्बीण आत असताना माणसाला आडवं राहावं लागतं, थोडी गुंगी द्यावी लागते. छातीचे स्नायू वाळत चाललेल्या माणसाला तेवढंही महाग पडू शकतं. म्हणून फुंकण्याच्या तपासणीत पन्नास टक्क्यांच्या खाली यायच्या आत नळी बसवावी, असं डॉक्टर पूर्वीपासून सांगत आले. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या चोवीस केंद्रांतल्या ३४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नळी कोणत्या रीतीनं बसवली यानं आयुष्यात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो वजनानं. नळी बसेपर्यंत ज्यांनी दहा टक्क्यांहून जास्त वजन गमावलं होतं, ते लवकर गेले. पाच टक्के घटलं की विषय काढा, असं त्या अभ्यासकांचं सांगणं. अडुसष्ट किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे साधारण साडेतीन किलो. आमच्या दादांचे चार उतरले होते तेव्हाच डॉक्टर बोलले होते. डॉक्टर वेळेवर बोलले, आम्ही चार महिने थांबलो, आणि नळी बसली तेव्हा वजन सत्तावन्न होतं, श्वास एकेचाळीस टक्के. नाकावर श्वासाला मदत करणारा बायपॅपचा मुखवटा लावून, आयसीयूची खाट तयार ठेवून ते काम झालं. निभावलं. पण बाहेर बाकावर बसून काढलेला तो पाऊण तास वाचवता आला असता.

खरं तेवढंच सांगायचं तर हेही सांगायला हवं, की चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना नळी, अर्ध्यांना नाही, असा चोख प्रयोग या आजारात झालेला नाही. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यानं तसं नोंदवलं आहे. नळीनं आयुष्य थोडं वाढत असावं, असं इतर पुराव्यांवरून दिसतं. भुकेनं आणि तहानेनं होणारे हाल थांबतात, औषधं वेळेवर पोटात जातात, आणि दीड तासाच्या जेवणाचा घाम संपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आजार मात्र नळीला जुमानत नाही. लाळ स्वतःची स्वतःला गिळता येत नाही, ती श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया व्हायचा धोका राहतोच. त्यासाठी लाळ ओढायचं यंत्र, लाळ आटवणारी औषधं, आणि तोंडानं काही खात नसला तरी दोन वेळा दात घासणं. श्वासाचा प्रश्न तर वेगळाच चालू असतो.

नळी नको म्हणणाराही शहाणा असू शकतो. आमच्याकडे एका गुरुजींनी दादांना पवनारची आठवण करून दिली. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध सोडलं आणि दिवाळीच्या दिवशी देह ठेवला. हा आपल्या विदर्भातला ताजा म्हणावा असा दाखला आहे आणि लोक तो आदरानं सांगतात. मीही काही दिवस त्याच विचारात होतो, त्यात माझी सोयही होती. मग पाटीवर दादांनी लिहिलं, ‘त्याईनं सोडलं. माह्यं सुटून राह्यलं.’ व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, पण सकर्मक-अकर्मकाचा एवढा धडा मला कुणी दिला नव्हता. शेगावला १८७८ साली देवीदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारे महाराज ज्यांचं दैवत, त्या माणसाकडून आम्ही अन्न सोडण्याची अपेक्षा करत होतो.

विचारायचं कुणाला, हा खरा प्रश्न. अरुणा शानबाग यांचं प्रकरण सगळ्यांना आठवतं. मुंबईच्या केईएममधली ही परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होती. तिथल्या परिचारिकांनी वर्षानुवर्षं मऊ अन्न हातानं भरवलं, पुढे नळी आली. अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी तिच्या बाबतीत फेटाळली, पण उपचार थांबवण्याचा मार्ग कायद्यात तेव्हा पहिल्यांदा उघडला. तिला विचारता येत नव्हतं. एमएनडीच्या बहुतेक माणसांना विचारता येतं, त्यांना सगळं कळत असतं, आणि तरीही आपण त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतो. ९ मार्च २०१८ च्या निकालानं आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवायचा हक्क मान्य केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. नळी बसवायची का, आणि बसवली तर कधी थांबवायची, दोन्ही त्यात लिहिता येतं. हात चालतो आहे तोवर सही होते. आमच्या दादांनी नळीला होकार लिहिला, गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर लावायला नकार लिहिला. आम्ही दोन्ही पाळलं.

घरातल्या कामाचं सगळं वहीत आहे, मी दोन-तीनच गोष्टी उचलतो. पहिल्या महिन्यात आम्ही जास्त करून डाळीचं पाणी आणि नारळपाणीच देत राहिलो, वजन आणखी दीड किलो उतरलं. वरणाचं पाणी म्हणजे ताकद, हा आपला जुना गैरसमज आहे. मग डाएटिशियनच्या हिशेबानं भात, मूगडाळ, तेल, दूध पावडर, साखर मिक्सरमधून काढून, गाळणीनं गाळून, दोनशे मिली एका वेळी, दिवसातून सात वेळा. ते पिचकारीत नुसतं ओतायचं, दट्ट्या लावायचा नाही. पिचकारी उंच धरली की अन्न आपल्या वजनानं उतरतं. पाठ टेकून बसवायचं, नंतर तासभर आडवं करायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दोन तासांपूर्वीचं वाटण फेकून द्यायचं, हळहळायचं नाही. गोळ्यांची पूड अन्नात मिसळायची नाही. आम्ही लोहाची गोळी मिसळली आणि नळी तुंबली. कुणी कोल्ड्रिंक ओता म्हणालं. कोमट पाण्यानं, हळूहळू मागेपुढे करत, अर्ध्या तासात ती मोकळी झाली. एकदा रात्री नळी बाजेच्या सुतळीत अडकून बाहेर आली. असं झालं तर भोक काही तासांतच मिटायला लागतं. नळी नवी असेल, पहिल्या महिन्याभरातली, तर घरी काही घालायचा प्रयत्न करू नका, कापसानं झाकून थेट दवाखाना. आमची जुनी होती. डॉक्टरांनी शिकवून ठेवल्याप्रमाणे शेजारच्या नर्सबाईंनी भोक उघडं राहील अशी साधी नळी सरकवली आणि आम्ही रात्रीच अकोल्याची वाट धरली. तीस-बत्तीस किलोमीटर, दादा गाडीत पाटीवर लिहीत होते: ‘हळू चालव. मी कुठी पळून नाई राह्यलो.’

वहीत एक गोष्ट नाही. दिवसाला सात वेळा दादांना काय दिलं ते मिलीत लिहिलेलं आहे, वहिनी स्वतः कधी जेवल्या ते चौदा महिन्यांत एकदाही लिहिलेलं नाही. छापताना माझ्या हे ध्यानात आलं. रात्रीच्या नोंदी मधूनमधून पुतण्याच्या अक्षरात आहेत, ते बरं झालं. ज्या घरात हे काम एकट्या बाईच्या गळ्यात पडलं असेल, त्यांनी वहीतलं बाकी काही वाचण्याआधी पिचकारी धरायला दुसरं माणूस तयार करावं.

नळी बसवून घरी आणलं तेव्हा बघायला माणसं आली. ‘पोटाले भोक पाडलं’ ही बातमी पार रेणुकामातेच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली होती. सगळे चुकचुकले. आमची ऐंशी वर्षांची मावशी तेवढी पुढे होऊन बसली आणि तिनं विचारलं, ‘मंग आता त्याईले चव कशी कळंन?’ डॉक्टरांपासून माझ्यापर्यंत कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. वहिनींच्या आला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाटण पिचकारीत ओतण्याआधी वाटी दादांच्या नाकाशी धरायला सुरुवात केली. फोडणी वेगळी करायच्या, तीही हुंगवायच्या. दादा पाटीवर विचारायचे, ‘काय हाय आज?’ आणि वहिनी नावं घ्यायच्या, भात, मूगडाळ, वरून जिऱ्याची फोडणी. नाव घेतल्याशिवाय पिचकारी उचलायची नाही, असा त्यांचा नेम होता. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढ्या दिवसांत जिभेच्या शेंड्याला बोटभर आमरसही लागला. ही परवानगी प्रत्येकाला मिळत नाही, ती विचारून घ्यावी.

पुढची पानं वहिनींची आहेत. शुद्धलेखन मी सुधारलेलं नाही, तारखा तेवढ्या एका रांगेत लावल्या. पाढ्यांची चार पानं छापखान्यानं गाळायला सांगितली होती, ती वहिनींनी गाळू दिली नाहीत, म्हणून नोंदी पान पाचपासून सुरू होतात. पहिली अशी आहे:

‘सकाई ७. आधी पानी ५०. भात मुंगाची दाळ दूद २००. मंग पानी ५०. ठसका नाई. काय हाय ईचारलं. सांगतलं.’